सॅम वॉल्टन

सॅम्युएल मूर वॉल्टन (जन्म: २९ मार्च १९१८, किंगफिशर, ओक्लाहोमा, मृत्यू: ५ एप्रिल १९९२, लिटल रॉक, आर्कान्सा) हे अमेरिकन व्यापारी आणि वॉलमार्ट या सवलतीच्या दरात माल विकणाऱ्या दुकानांच्या साखळीचे संस्थापक होते. १९४५ साली आर्कान्सा राज्यातील एका लहान गावात त्यांनी पहिले दुकान चालवायला घेतले. १९६२ साली त्याच राज्यातील रॉजर्स येथे वॉलमार्टचे पहिले दुकान सुरू झाले आणि १९९० पर्यंत ही साखळी विक्रीच्या बाबतीत अमेरिकेतील सर्वांत मोठी किरकोळ व्यापारी कंपनी बनली. प्रतिस्पर्धी कंपन्या मोठ्या शहरांत दुकाने थाटत असताना वॉल्टन यांनी पाच ते दहा हजार वस्तीच्या गावांची निवड केली. त्यांच्या यशाचे हे प्रमुख कारण मानले जाते. त्यांच्यावरील मुख्य टीकाही याच गावांतील लहान दुकानांच्या ऱ्हासाशी निगडित आहे.

बालपण आणि शिक्षण

वॉल्टन यांचा जन्म थॉमस गिब्सन वॉल्टन आणि नॅन्सी ली या दांपत्याच्या पोटी झाला. धाकटे बंधू जेम्स ऊर्फ बड यांचा जन्म १९२१ मध्ये झाला आणि पुढे ते व्यवसायात त्यांचे भागीदार बनले. शेतीवर कुटुंबाचे भागेना, म्हणून वडिलांनी शेतजमिनी गहाण ठेवून घेण्याच्या व्यवसायात नोकरी धरली. १९२३ च्या सुमारास कुटुंब मिझुरी राज्यात गेले आणि त्यानंतर त्या राज्यातील अनेक गावांत राहिले. १९३० च्या दशकातील महामंदीत कर्ज न फेडू शकलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी ताब्यात घेण्याचे काम वडिलांकडे होते. पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन गमावणारी कुटुंबे सॅम यांनी लहानपणीच जवळून पाहिली. पैशाच्या बाबतीत आयुष्यभर टिकलेल्या त्यांच्या काटकसरीचे मूळ चरित्रकार या अनुभवात शोधतात.

घरची गाय पिळून उरलेले दूध विकणे, वर्तमानपत्रे टाकणे, मासिकांचे वर्गणीदार मिळवणे अशी कामे ते शाळकरी वयात करीत. शेल्बिना येथे असताना बालवीर चळवळीतील ईगल स्काउट ही सर्वोच्च पदवी त्यांनी मिळवली. तेव्हा ती मिळवणारे ते मिझुरीतील सर्वांत लहान वयाचे स्काउट होते. कोलंबिया येथील हिकमन हायस्कूलमधून ते १९३६ मध्ये उत्तीर्ण झाले. १९४० मध्ये मिझुरी विद्यापीठाची अर्थशास्त्रातील पदवी त्यांनी घेतली. शिक्षणाचा खर्च त्यांनी बहुतांशी स्वतःच्या कमाईतून भागवला.

नोकरी, लष्करी सेवा आणि विवाह

पदवीनंतर लगेच ते आयोवा राज्यातील डे मॉइन येथे जे. सी. पेनी या कंपनीच्या दुकानात दरमहा ७५ डॉलर पगारावर शिकाऊ व्यवस्थापक म्हणून रुजू झाले. विक्रीत ते तरबेज होते, परंतु हिशेबाच्या नोंदी नीट न ठेवल्याबद्दल त्यांना बोलणी खावी लागत. कंपनीचे संस्थापक जेम्स कॅश पेनी एकदा या दुकानात आले असता कमीत कमी कागद आणि दोरा वापरून पुडा नीट कसा बांधावा हे त्यांनी स्वतः करून दाखवले. वॉल्टन यांनी हा प्रसंग पुढे आपल्या आत्मचरित्रात नोंदवला आहे.

१९४२ मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली आणि लष्करात बोलावणे येईपर्यंत ओक्लाहोमातील एका दारूगोळा कारखान्यात काम केले. त्या काळात क्लेअरमोर येथे हेलन रॉब्सन यांच्याशी त्यांची ओळख झाली व १४ फेब्रुवारी १९४३ रोजी दोघांचा विवाह झाला. हृदयाच्या ठोक्यांतील किरकोळ दोषामुळे वॉल्टन यांना प्रत्यक्ष आघाडीवर पाठवण्यात आले नाही. लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात विमानांचे कारखाने व युद्धकैद्यांच्या छावण्या यांच्या सुरक्षेचे काम त्यांनी देशातच केले. १९४५ मध्ये सेवामुक्त होताना ते कॅप्टन हुद्द्यावर होते. रॉब्सन, जॉन, जिम आणि अ‍ॅलिस ही त्यांची चार अपत्ये होत.

न्यूपोर्टचे दुकान

युद्धानंतर सेंट लुइस शहरात एका मित्राच्या भागीदारीत दुकान घेण्याचा वॉल्टन यांचा विचार होता. हेलन यांनी दोन अटी घातल्या: भागीदारी नको, आणि दहा हजारांहून अधिक वस्तीच्या गावात राहणे नको. या कौटुंबिक निर्णयामुळे वॉल्टन यांचा व्यापार लहान गावात सुरू झाला. १ सप्टेंबर १९४५ रोजी आर्कान्सातील न्यूपोर्ट या सुमारे सात हजार वस्तीच्या गावात त्यांनी बेन फ्रँकलिन या नावाचे दुकान चालवायला घेतले. त्यासाठी सासऱ्यांकडून २०,००० डॉलर कर्ज काढले आणि स्वतःच्या बचतीतील ५,००० डॉलर घातले. बेन फ्रँकलिन ही बटलर ब्रदर्स या घाऊक कंपनीच्या परवान्यावर चालणाऱ्या दुकानांची साखळी होती. सुया-दोऱ्यापासून कपडे, खेळणी आणि घरगुती वापराच्या वस्तूंपर्यंत स्वस्त किरकोळ माल तेथे विकला जाई. अशा दुकानांना अमेरिकेत पाच-दहा सेंटांची दुकाने म्हणत.

करारानुसार बहुतेक माल बटलर ब्रदर्सकडूनच घ्यावा लागे. जेवढी मोकळीक होती तेवढ्यात वॉल्टन थेट उत्पादकांकडून किंवा दुसऱ्या घाऊक व्यापाऱ्यांकडून स्वस्त माल शोधून आणत आणि वाचलेल्या पैशाचा फायदा गिऱ्हाइकाला देत. कंपनीकडून अडीच डॉलर डझनाने मिळणारे स्त्रियांचे अंतर्वस्त्र न्यूयॉर्कच्या एका मध्यस्थाकडून दोन डॉलर डझनाने मिळू लागताच त्यांनी डॉलरला तीन या नेहमीच्या भावाऐवजी डॉलरला चार या भावाने ते विकले. त्यातून त्यांनी पुढील सर्व व्यापाराचे सूत्र बांधले. ऐंशी सेंटांना घेतलेली वस्तू एक डॉलर वीस सेंटांऐवजी एका डॉलरला विकली, तर नगामागचा नफा निम्मा होतो, पण खप तिप्पट झाल्यास एकूण नफा दीडपट होतो. माणसे दुकानाकडे खेचण्यासाठी त्यांनी कर्ज काढून आइस्क्रीमचे यंत्रही दारापुढे बसवले.

वर्षाला ७२,००० डॉलर विक्री असलेले हे दुकान पाच वर्षांत अडीच लाख डॉलरवर गेले. मात्र जागेच्या भाडेकराराची मुदत वाढवून मागण्याचा हक्क वॉल्टन यांनी करारात लिहून घेतला नव्हता. १९५० मध्ये जागामालकाने मुदतवाढ नाकारून दुकान आपल्या मुलासाठी घेतले. मालाचे आणि सामानाचे पैसे मिळाले, तरी पाच वर्षांत जमवलेली गिऱ्हाइकी सोडून कुटुंबाला गाव बदलावे लागले.

बेंटनव्हिल आणि स्वयंसेवा पद्धत

नवे दुकान आर्कान्साच्या वायव्य कोपऱ्यातील बेंटनव्हिल या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावात घेण्यात आले. या वेळी शेजारच्या केशकर्तनालयाची जागा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाल्यावरच वॉल्टन यांनी व्यवहार पुरा केला. मे १९५० मध्ये वॉल्टन्स फाइव्ह अँड टेन या नावाने हे दुकान उघडले.

त्या काळी अशा दुकानांत प्रत्येक फळीमागे विक्रेता उभा असे आणि मागितलेली वस्तू काढून देई. गिऱ्हाइकाने स्वतः माल निवडावा आणि बाहेर पडताना एकाच गल्ल्यावर पैसे द्यावेत, ही स्वयंसेवा पद्धत मिनेसोटा राज्यातील दोन दुकानांत सुरू झाल्याचे वॉल्टन यांच्या वाचनात आले. रात्रभर बसने प्रवास करून त्यांनी ती दुकाने पाहिली आणि बेंटनव्हिलला तीच पद्धत लागू केली. दुसऱ्याची चांगली कल्पना पाहणे आणि ती बिनसंकोच उचलणे हा त्यांचा कायमचा स्वभाव होता. प्रवासात ते वहीत नोंदी करीत आणि प्रतिस्पर्ध्यांच्या दुकानांत भाव, मांडणी व गिऱ्हाइकी न्याहाळत फिरत.

१९५२ मध्ये फेएटव्हिल येथे दुसरे दुकान निघाले. गावे दूरदूर असल्याने १९५० च्या दशकात त्यांनी एक जुने दोन आसनी विमान विकत घेतले व ते चालवायला शिकले. विमानातून गावाची वाढ कोणत्या बाजूला होत आहे आणि रस्ते कोठे मिळतात हे पाहून ते दुकानाची जागा ठरवीत. १९६० च्या दशकाच्या आरंभी वॉल्टन बंधूंकडे अशी सुमारे १५ दुकाने झाली होती.

वॉलमार्टची स्थापना

त्याच सुमारास अमेरिकेच्या मोठ्या शहरांत सवलतीच्या दरातील दुकाने वाढू लागली होती. सजावट, उधारी आणि घरपोच सेवा यांवरचा खर्च टाळून नफ्याचे प्रमाण अत्यंत कमी ठेवणे ही त्यांची रीत होती. हीच रीत लहान गावांत चालवण्याचा प्रस्ताव वॉल्टन यांनी बटलर ब्रदर्सपुढे मांडला. घाऊक नफा कमी करण्यास कंपनी तयार न झाल्याने त्यांनी घरदार तारण ठेवून स्वतःच धाडस केले. २ जुलै १९६२ रोजी रॉजर्स येथे पहिले वॉलमार्ट उघडले. पाटीवर जितकी अक्षरे कमी तितका खर्च कमी, हाही हे आटोपशीर नाव पसंत पडण्यामागचा एक विचार होता. त्याच वर्षी केमार्ट, टार्गेट आणि वुल्को या तीन साखळ्याही सुरू झाल्या. तिघांच्याही मागे जुन्या, भांडवलाने भक्कम कंपन्या होत्या. वुल्को ही वुलवर्थ कंपनीची शाखा १९८० च्या दशकात अमेरिकेत बंद पडली.

सुरुवातीची दुकाने दिसायला साधीच होती. १९६४ मध्ये हॅरिसन येथे दुसरे वॉलमार्ट उघडले त्या दिवशी बाहेर कलिंगडांचा ढीग रचला होता आणि मुलांसाठी गाढवांची सवारी ठेवली होती. कडक उन्हाने कलिंगडे फुटली, रस गाढवांच्या लिदीत मिसळला आणि तो चिखल दुकानभर पसरला. हे दृश्य पाहून डेव्हिड ग्लास या तरुण व्यवस्थापकाने वॉल्टन यांच्याविषयी वाईट मत करून घेतले. पुढे तेच ग्लास वॉलमार्टमध्ये आले आणि १९८८ मध्ये वॉल्टन यांच्यानंतर मुख्य कार्यकारी अधिकारी झाले.

विस्तार आणि कार्यपद्धती

खेड्यापाड्यांतील दुकानांपर्यंत माल पोचवायला मोठे घाऊक व्यापारी तयार नसत. त्यामुळे वॉल्टन यांना स्वतःची गोदामे व मालमोटारी उभाराव्या लागल्या. आधी मध्यवर्ती गोदाम बांधायचे आणि तेथून मालमोटारीला एका दिवसात गाठता येईल एवढ्या टापूत एकामागून एक दुकाने भरायची, असा क्रम ठरला. गावे जवळजवळ असल्याने जाहिरातीचा खर्चही कमी लागे. अडचणीतून निघालेली ही व्यवस्था पुढे कंपनीचे सर्वांत मोठे बळ ठरली.

१९६९ मध्ये कंपनीची विधिवत नोंदणी झाली. १९७० मध्ये कर्जे फेडण्यासाठी व वाढीसाठी भागविक्री करण्यात आली आणि १९७२ मध्ये कंपनीचे भाग न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदले गेले. १९७० मध्ये ३८ दुकाने होती. १९८० मध्ये ती २७६ झाली आणि वार्षिक विक्रीने एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. यंत्रांविषयी वॉल्टन यांना फारशी आवड नव्हती. तरीही सहकाऱ्यांच्या आग्रहावरून त्यांनी संगणकावर मोठा खर्च मंजूर केला. १९८७ मध्ये सर्व दुकाने उपग्रह संदेशवहनाने मुख्य कार्यालयाशी जोडली गेली. ते त्या वेळी अमेरिकेतील सर्वांत मोठे खासगी उपग्रह जाळे होते.

सोल प्राइस या व्यापाऱ्याने सॅन दिएगो येथे सभासदांसाठी घाऊक भावाचे दुकान काढले होते. त्याच्या धर्तीवर १९८३ मध्ये सॅम्स क्लब सुरू झाला. किराणा माल आणि इतर वस्तू एकाच छपराखाली विकणारे पहिले सुपरसेंटर १९८८ मध्ये मिझुरीत निघाले.

दर शनिवारी सकाळी मुख्य कार्यालयात व्यवस्थापकांची बैठक होई आणि आठवड्याच्या आकड्यांवर चर्चा होई. एरवी वॉल्टन बहुतेक वेळ दुकानांना अचानक भेटी देण्यात घालवीत. नफ्याचे उद्दिष्ट गाठल्यास वॉल स्ट्रीटवर हवाईयन नृत्य करण्याची पैज ते हरले आणि मार्च १९८४ मध्ये त्यांनी गवताचा घागरा घालून ती पुरी केली.

कामगारविषयक धोरण

वॉलमार्टमध्ये नोकरांना सहकारी म्हटले जाई. व्यवस्थापकांना मिळणारा नफ्यातील वाटा १९७१ पासून सर्व पात्र कर्मचाऱ्यांना लागू झाला. तो प्रामुख्याने कंपनीच्या भागांत गुंतवला जाई. भागांची किंमत सतत वाढल्याने दीर्घकाळ टिकलेले काही साधे विक्रेते आणि मालमोटारचालक निवृत्तीच्या वेळी लक्षाधीश झाले.

या योजनेची दुसरी बाजू कमी वेतनाची होती. १९६० च्या दशकात किमान वेतन कायद्याची व्याप्ती किरकोळ व्यापारापर्यंत वाढली, तेव्हा लहान उलाढालीच्या आस्थापनांना त्यातून सूट होती. आपले प्रत्येक दुकान ही वेगळी कंपनी आहे अशी भूमिका वॉल्टन यांनी घेतली, पण ती न्यायालयात टिकली नाही. आरंभीच्या काळात वेतनाबाबत आपण हात आखडता ठेवला, अशी कबुली त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे. कामगार संघटनांना त्यांचा कायम विरोध राहिला.

संपत्ती, राहणी आणि अखेरची वर्षे

१९८५ मध्ये फोर्ब्स नियतकालिकाने वॉल्टन यांना अमेरिकेतील सर्वांत श्रीमंत व्यक्ती ठरवले. तेव्हाही ते बेंटनव्हिलमध्येच राहत, गावातल्याच न्हाव्याकडे केस कापून घेत आणि जुनी फोर्ड मालवाहू गाडी स्वतः चालवीत. लावा पक्ष्यांची शिकार हा त्यांचा छंद होता. ओल रॉय या त्यांच्या आवडत्या शिकारी कुत्र्याचे नाव वॉलमार्टच्या श्वान-खाद्याला देण्यात आले. १९५३ मध्येच त्यांनी कुटुंबाची भागीदारी संस्था स्थापून चार मुलांना प्रत्येकी वीस टक्के आणि पती-पत्नींना प्रत्येकी दहा टक्के हिस्सा दिला होता. संपत्ती वाढण्यापूर्वीच वाटणी झाल्याने वारसा कराचा भार पुष्कळ कमी झाला आणि कंपनीवरील कुटुंबाचा ताबा टिकला.

१९८२ मध्ये त्यांना रक्ताचा एक दुर्मीळ कर्करोग झाल्याचे निदान झाले. इंटरफेरॉन या तेव्हा प्रायोगिक असलेल्या औषधाने तो आटोक्यात आला. पुढे त्यांना अस्थिमज्जेचा कर्करोग झाला. १७ मार्च १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी बेंटनव्हिलला येऊन त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा सर्वोच्च नागरी सन्मान प्रदान केला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ५ एप्रिल १९९२ रोजी, लिटल रॉक येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्या वेळी कंपनीची वार्षिक विक्री ४० अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती. पत्रकार जॉन ह्यूई यांच्या साहाय्याने लिहिलेले त्यांचे आत्मचरित्र त्याच वर्षी मरणोत्तर प्रसिद्ध झाले.

टीका आणि मूल्यमापन

वॉलमार्ट आल्यावर गावातील बाजारपेठेचे काय होते, यावर अमेरिकेत पुष्कळ संशोधन झाले. आयोवा राज्य विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ केनेथ स्टोन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या राज्यातील गावांचा अभ्यास केला. ज्या गावात वॉलमार्ट येते तेथे बाहेरगावचे गिऱ्हाईक वाढते आणि उपाहारगृहांसारख्या वेगळ्या व्यवसायांना लाभ होतो. वॉलमार्टमध्ये मिळणाराच माल विकणारी दुकाने मात्र मागे पडतात. सर्वांत मोठा फटका वॉलमार्ट नसलेल्या शेजारच्या लहान गावांना बसतो, असे त्यांना आढळले.

वॉल्टन यांच्या समर्थकांच्या मते शहरातील गिऱ्हाइकाला मिळणारे भाव त्यांनी खेड्यातील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळवून दिले. पूर्वी ही कुटुंबे पर्याय नसल्याने चढा भाव देत होती. टीकाकारांच्या मते या स्वस्ताईची किंमत कमी वेतनाचे कामगार, भाव पाडून मागितले जाणारे उत्पादक आणि बंद पडलेली दुकाने यांनी मोजली. देशी माल घेण्याची मोहीम वॉल्टन यांनी १९८५ मध्ये सुरू केली होती, तरी परदेशी मालाची खरेदीही चालू राहिली व त्यांच्यानंतर ती फार वाढली. जागामालकाच्या एका नकाराने दुकान गमावलेल्या व्यापाऱ्याच्या पद्धतीने पुढे हजारो दुकानदारांना व्यवसाय सोडावा लागला, हा विरोधाभास त्यांच्या चरित्राच्या केंद्रस्थानी आहे.

वारसा

बेंटनव्हिलमधील मूळ दुकानाच्या जागी आता वॉलमार्टचे संग्रहालय आहे. आर्कान्सा विद्यापीठाच्या व्यवसाय महाविद्यालयाला वॉल्टन यांचे नाव देण्यात आले आहे. कन्या अ‍ॅलिस यांच्या पुढाकाराने २०११ मध्ये बेंटनव्हिल येथे क्रिस्टल ब्रिजेस हे अमेरिकन कलेचे संग्रहालय उघडले. सॅम व हेलन यांनी १९८७ मध्ये स्थापन केलेले वॉल्टन फॅमिली फाउंडेशन शिक्षण व पर्यावरण या क्षेत्रांत काम करते.

भारतात वॉलमार्टने २००७ मध्ये भारती उद्योगसमूहाशी घाऊक व्यापारासाठी करार केला आणि २००९ मध्ये अमृतसर येथे पहिले घाऊक दुकान उघडले. अनेक उत्पादकांचा माल विकणाऱ्या किरकोळ दुकानांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीला केंद्र सरकारने सप्टेंबर २०१२ मध्ये परवानगी दिली, तेव्हा महाराष्ट्र सरकारने तिला अनुकूलता दर्शवली. किराणा व्यापाऱ्यांच्या संघटनांनी देशभर विरोध केला. निर्णय राज्यांवर सोपवण्यात आला आणि आरंभीच्या अटीनुसार अशी दुकाने मुख्यतः दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपुरती मर्यादित ठेवली गेली. आसपासच्या खेड्यांचे गिऱ्हाईक जेथे बाजाराला येते अशी कुर्डुवाडी किंवा बार्शीसारखी गावे वॉल्टन यांनी प्रथम निवडली असती. भारतीय धोरणाने नेमकी तीच गावे वगळली होती. पुढे भारतीसोबतची भागीदारी संपली आणि २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्ट या ऑनलाइन विक्री कंपनीतील बहुसंख्य हिस्सा सुमारे १६ अब्ज डॉलरना घेतला.

कमी नफा, मोठा खप आणि रोजच कमी भाव हे तत्त्व दरम्यान भारतीय साखळ्यांनीही स्वीकारले. २००२ मध्ये मुंबईतील पवई येथे पहिले दुकान उघडणाऱ्या डी-मार्टची तुलना या कारणाने वॉलमार्टशी केली जाते.